परवानगी देण्याची परवानगी : सामायिक दस्तऐवजांवरील अधिकारांचा इतिहास

एकाच संस्थेतील माणसे आज ज्या ऑनलाइन जागेवर फाईली ठेवतात, एकमेकांचे मसुदे दुरुस्त करतात आणि कामाची वाटणी करतात, त्या जागेवर कोणाला काय करता येईल हे ठरविणारी यंत्रणा बहुतेकांच्या नजरेस पडते ती ‘शेअर’ या एका बटणाच्या रूपाने. त्या बटणामागे दोन निरनिराळे प्रश्न असतात : दस्तऐवज कोण पाहू किंवा बदलू शकतो हा पहिला, आणि तशी मुभा दुसऱ्याला कोण देऊ शकतो हा दुसरा. तांत्रिक लिखाणात पहिल्या प्रश्नाची चर्चा विपुल आढळते. परंतु या विषयाचा सुमारे साठ वर्षांचा इतिहास पाहिला, तर प्रत्येक पिढीतील यंत्रणेचे स्वरूप दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरत गेल्याचे ध्यानात येते. मुभा देण्याचा अधिकार प्रथम संगणक केंद्राच्या व्यवस्थापकाकडे होता. तेथून तो फाईलच्या मालकाकडे, मालकाकडून गटप्रमुखाकडे आणि शेवटी ज्याच्या हाती लिंक पडली त्या कोणाहीकडे गेला, आणि हा प्रवास होत असताना एकदा दिलेली मुभा परत घेणे टप्प्याटप्प्याने अवघड होत गेले.

या इतिहासाचा आरंभ कालविभागणी पद्धतीपासून धरावा लागतो, कारण त्यापूर्वी अशा परवानगीची गरजच नव्हती. १९५०च्या दशकात संगणक वापरणारा मनुष्य छिद्रित कार्डांची गड्डी यंत्रचालकाच्या हाती देई, यंत्र एका वेळी एकाचेच काम करी, आणि काम उरकले की तो गड्डी व छापील निकाल घेऊन निघून जाई. कार्डांचे रक्षण करायचे तर टेबलाच्या खणाला कुलूप लावणे पुरेसे होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१मध्ये ‘कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम’चे, म्हणजे सीटीएसएसचे, प्रात्यक्षिक दाखविले आणि ही स्थिती पालटली. कालविभागणी म्हणजे एकाच यंत्राने आपला वेळ बारीक तुकड्यांत कापून अनेकांना आळीपाळीने देणे, आणि तेही इतक्या झपाट्याने की प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याचेच वाटावे. यंत्र सामायिक झाले तसा साठाही सामायिक झाला, म्हणून कोणती फाईल कोणाची हे यंत्राला सांगणे भाग पडले. सीटीएसएसमध्ये प्रत्येकाची ओळख दोन क्रमांकांनी होई, त्याच्या प्रकल्पाला दिलेला एक आणि त्याला स्वतःला दिलेला दुसरा. ती ओळख खरी आहे हे पटविण्यासाठी एक गुप्त शब्द टंकावा लागे, आणि आजच्या पासवर्डचा उगम तेथेच सापडतो.

ही व्यवस्था गुपिते राखण्यापेक्षा यंत्राच्या वेळेचा हिशेब ठेवण्यासाठी अधिक होती, आणि तिचे पहिले ज्ञात उल्लंघनही वेळेपायीच घडले. ॲलन शेर या संशोधकाला मिळालेला यंत्राचा वेळ आपल्या प्रयोगांना पुरत नव्हता. तेव्हा १९६२मध्ये त्यांनी पासवर्डची फाईल छापून देण्याची विनंती एका कार्डाद्वारे रात्रीच्या छपाईच्या कामांत घुसविली आणि सकाळी कागद उचलून नेला, असे त्यांनी स्वतःच सुमारे पंचवीस वर्षांनी सांगितले. त्याच दशकात त्याच यंत्रणेत घडलेली दुसरी घटना सामायिक कामाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. लॉगिन होताच सर्वांना दिसणारी दिवसाची सूचना एक व्यवस्थापक संपादित करीत होता आणि पासवर्डची फाईल दुसरा. संपादन चालू असताना तात्पुरती प्रत ठेवण्यासाठी संपादक-प्रणाली एकच ठरावीक नाव वापरीत असल्याने दोन्ही प्रतींची अदलाबदल झाली, आणि काही काळ प्रत्येक टर्मिनलवर सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड उमटू लागले. एका खात्याच्या जागेत एका वेळी एकच मनुष्य काम करील असे संपादक-प्रणाली लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले होते. व्यवस्थापकांनी मात्र खाते आपापसांत वाटून घेतले होते. दोघे एकाच वेळी एकाच जागी लिहू लागले तर काय करावे, याचा विचार परवानगीच्या विचाराच्या पुष्कळ मागे राहिला होता, हे त्यातून उघड झाले.

सीटीएसएसचा अनुभव गाठीशी घेऊन एमआयटी, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मल्टिक्स ही नवी प्रणाली हाती घेतली. १९६५च्या अखेरीस झालेल्या संगणक परिषदेत तिच्यावर जे निबंध सादर झाले, त्यांपैकी रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांच्या निबंधात फाईल-व्यवस्थेची मांडणी होती, आणि आजही वापरात असलेली प्रवेशाधिकार-यादीची कल्पना तेथे स्पष्ट रूपात दिसते. प्रवेशाधिकार-यादी म्हणजे फाईलला चिकटलेली अशी नोंदवही, की जिच्यात कोणाला वाचन, कोणाला लेखन आणि कोणाला काहीच नाही हे ओळीओळीने लिहिलेले असते. महाराष्ट्रातील वाचकाला तिची तुलना सातबाऱ्याशी करता येईल : हक्काची नोंद हक्कदाराच्या खिशात नसते, ती जमिनीच्या नावे दप्तरात असते, आणि हक्क बदलायचा तर त्या दप्तरात फेरफार करावा लागतो.

मल्टिक्समधील या नोंदीचा घाट बारकाईने पाहण्याजोगा आहे. प्रत्येक ओळीत पूर्णविरामचिन्हांनी तोडलेले तीन भाग असत : व्यक्तीचे नाव, ती ज्या प्रकल्पाच्या वतीने काम करीत आहे त्याचे नाव, आणि ती स्वतः टर्मिनलवर बसली आहे की तिचे काम तिच्या गैरहजेरीत चालू आहे हे दाखविणारी एक खूण. कोणत्याही भागाच्या जागी तारांकन घातले की त्याचा अर्थ ‘कोणीही’ असा होई. तिन्ही जागी तारांकन असलेली ओळ म्हणजे सर्वांना मोकळीक. यादी वाचताना अधिक नेमकी ओळ आधी धरली जाई, आणि म्हणून एखाद्या प्रकल्पातील सर्वांना वाचन देऊन त्यातील एकाच व्यक्तीसाठी ‘काही नाही’ अशी वेगळी ओळ लिहिणे शक्य होते. एकच मनुष्य दोन प्रकल्पांत असेल तर तो कोणत्या टोपीखाली आला आहे यावरून त्याला निराळे अधिकार मिळत. ही सूक्ष्मता पुढील तीस वर्षांतील बहुतेक लोकप्रिय प्रणालींनी गमावली आणि नंतर मोठ्या कष्टाने परत मिळविली.

यादी बदलण्याचा अधिकार कोणाकडे, या प्रश्नाला मल्टिक्सने दिलेले उत्तर आजच्या सवयीला अपरिचित वाटेल. तेथे फाईलला ‘मालक’ असा नव्हताच. ज्या डिरेक्टरीत, म्हणजे आजच्या भाषेत फोल्डरमध्ये, फाईल असेल त्या डिरेक्टरीत बदल करण्याचा अधिकार ज्याला, त्याला आतल्या फाईलची यादीही बदलता येई. याचा परिणाम असा की, वरच्या पायरीवरील व्यक्ती खालच्या पायरीवरील कोणत्याही फाईलवर स्वतःला अधिकार देऊ शकत असे. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात या श्रेणीबद्ध नियंत्रणाची चर्चा केली, आणि वरिष्ठाच्या हाती एकवटणाऱ्या या सत्तेला आवर घालण्यासाठी दोघांच्या संमतीची अट घालणे किंवा अशा प्रत्येक हस्तक्षेपाची नोंद ठेवणे असे उपाय सुचविले. किमान अधिकाराचे तत्त्व, म्हणजे प्रत्येकाला त्याच्या कामापुरता तेवढाच अधिकार असावा हा दंडक, याच निबंधामुळे सर्वत्र उद्धृत होऊ लागला. पण त्याच निबंधातले दुसरे एक तत्त्व, की संरक्षणाची व्यवस्था वापरणाऱ्याच्या समजुतीशी जुळणारी आणि वापरायला सोपी असावी, नंतरच्या काळात तितक्या आदराने पाळले गेले नाही.

बेल प्रयोगशाळा १९६९मध्ये मल्टिक्समधून बाहेर पडली आणि तेथील केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी लहान यंत्रासाठी युनिक्स रचले. नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या मार्गदर्शिकेनुसार युनिक्सला माणसांचे दोनच प्रकार ठाऊक होते, फाईलचा मालक आणि बाकीचे. नंतरच्या आवृत्त्यांत मधला ‘गट’ आला आणि वाचन, लेखन, चालविणे या तीन मुभा तिघांना वाटणाऱ्या नऊ खुणा रूढ झाल्या. वाचनाला ४, लेखनाला २ आणि चालविण्याला १ असे मोल धरून प्रत्येकाची बेरीज लिहायची पद्धत आजही टिकून आहे : एखाद्या फाईलवर ६४० लिहिले की मालकाला वाचन व लेखन, गटाला केवळ वाचन आणि इतरांना काहीच नाही असा त्याचा अर्थ. मल्टिक्सच्या लांबलचक याद्यांपुढे ही काटकसर विलक्षण देखणी होती, आणि युनिक्स जगभर पसरण्यास तिचा हातभार लागला. मात्र तिची किंमत सामायिक काम करणाऱ्यांनी मोजली. आपल्या फाईलच्या नऊ खुणा मालकाला बदलता येत, परंतु ती फाईल नेमक्या दोन सहकाऱ्यांनाच दाखवायची असेल तर त्या दोघांचा गट आधी अस्तित्वात असावा लागे, आणि गट तयार करणे व्यवस्थापकाच्या हाती होते. कागदोपत्री मालक स्वतंत्र झाला होता, व्यवहारात मात्र तो व्यवस्थापकाच्या दाराशी अर्ज घेऊन उभा होता. १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत एका व्यक्तीला एकाच वेळी अनेक गटांत राहण्याची सोय झाली, तेव्हाही अर्ज करण्याची गरज संपली नाही.

युनिक्स घडत होते त्याच सुमारास अधिकार देण्याघेण्याच्या या व्यवहाराला सैद्धान्तिक पाया मिळाला. बटलर लॅम्पसन यांनी १९७१मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार साऱ्या अधिकारांचे एक मोठे कोष्टक करता येते, ज्याच्या आडव्या ओळींत अधिकार वापरणारे आणि उभ्या स्तंभांत वस्तू असतात. स्तंभ उचलून वस्तूला चिकटविला की प्रवेशाधिकार-यादी तयार होते. ओळ उचलून माणसाच्या हाती दिली की तयार होते ते क्षमतापत्र, म्हणजे जवळ बाळगणाऱ्याला दार उघडून देणारा परवाना. सातबारा हे पहिल्याचे उदाहरण धरले, तर दुसऱ्याचे उदाहरण बेअरर चेक होय : बँक चेक पाहते, आणणाऱ्याचे गोत्र विचारीत नाही. कोष्टकात ‘मालकी’ हाही एक अधिकारच लिहिता येतो, म्हणजे अधिकार देण्याचा अधिकार त्याच कागदावर येतो. आणि तेथेच गुंता सुरू होतो. मायकेल हॅरिसन, वॉल्टर रुझो आणि जेफ्री उलमन यांनी १९७६मध्ये सिद्ध केले की, अधिकार देण्याघेण्याचे नियम पुरेसे मोकळे असतील तर अमुक अधिकार पुढेमागे अमुक व्यक्तीच्या हाती जाईल की नाही, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. एखाद्या कार्यालयात ‘ही फाईल बाहेर जाणार नाही ना?’ असे विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्याला हा सिद्धान्त ठाऊक नसतो. उत्तर देणाऱ्यालाही नसतो.

लष्कराने यातून निराळी वाट काढली. अमेरिकी हवाई दलासाठी १९७३पासून डेव्हिड बेल आणि लेनर्ड लापाडुला यांनी विकसित केलेल्या प्रतिमानात कागदाला गोपनीयतेची श्रेणी आणि माणसाला पात्रतेची श्रेणी असे, वरच्या श्रेणीतले वाचता येत नसे आणि खालच्या श्रेणीत लिहिता येत नसे, आणि कागद लिहिणाऱ्यालाही हा नियम सैल करण्याची मुभा नव्हती. अमेरिकी संरक्षण खात्याने १९८३मध्ये प्रसिद्ध केलेल्या, मुखपृष्ठाच्या रंगावरून ‘ऑरेंज बुक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकषपुस्तिकेने या दोन रीतींची नावे रूढ केली : मालकाच्या मर्जीवर चालणारे स्वेच्छाधीन नियंत्रण आणि मर्जीला वाव न देणारे अनिवार्य नियंत्रण. नागरी कार्यालयांनी जवळजवळ सर्वत्र पहिलेच पत्करले, कारण दुसऱ्यात काम अडते.

कार्यालयीन सहकार्यासाठीच घडविलेले आणि मोठ्या प्रमाणावर विकले गेलेले पहिले उत्पादन म्हणजे डिसेंबर १९८९मध्ये बाजारात आलेले लोटस नोट्स. त्याचे शिल्पकार रे ओझी इलिनॉय विद्यापीठात शिकत असताना तेथील प्लेटो या शैक्षणिक संगणकव्यवस्थेवर डेव्हिड वूली यांनी १९७३मध्ये रचलेली ‘नोट्स’ ही सामायिक फलकाची सोय वापरीत असत, आणि नावासकट ती कल्पना त्यांनी कार्यालयात आणली. नोट्समध्ये प्रत्येक माहितीसंचाला स्वतःची यादी असे आणि तीत माणसाची पायरी सात शब्दांपैकी एकाने ठरे : व्यवस्थापक, रचनाकार, संपादक, लेखक, वाचक, ठेवीदार आणि प्रवेश नाही. वाचन-लेखनाच्या खुणा जाऊन त्या जागी कार्यालयातील भूमिकांची नावे आली, हा बदल वाटतो त्याहून मोठा होता. ‘लेखक’ आणि ‘संपादक’ यांच्यातील भेद पाहावा : लेखकाला नवे लिहिता येई आणि स्वतः लिहिलेले दुरुस्त करता येई, दुसऱ्याच्या मजकुराला हात लावण्याचा अधिकार संपादकापासून वर. युनिक्सच्या नऊ खुणांत हा भेद लिहायला जागाच नव्हती. ‘ठेवीदार’ ही पायरी तर देवळातल्या दानपेटीची आठवण करून देणारी आहे, कारण तिच्यावरील मनुष्याला आत टाकता येई, पण आत काय आहे ते पाहता येत नसे. तक्रारपेटी, मतदान किंवा सूचनांसाठी तिचा उपयोग होई. यादी बदलण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकाला होता, आणि हा व्यवस्थापक संगणक विभागातला असण्याची गरज नव्हती. ज्या विभागाचा माहितीसंच त्याचा प्रमुखही ते काम करू शकत असे. मुभा देण्याची सत्ता यंत्रे सांभाळणाऱ्यांकडून काम सांभाळणाऱ्यांकडे जाण्याची ही सुरुवात होती.

१९९३च्या विंडोज एनटीने व्यक्तिगणिक याद्या आणि स्पष्ट नकाराची ओळ सामान्य कार्यालयीन यंत्रांवर आणली, आणि मल्टिक्सची सूक्ष्मता परत आली. पण सूक्ष्मता आली तसा ओळींचा पसाराही आला. हजार माणसे आणि लाख फाईली असलेल्या कंपनीत प्रत्येक यादी हाताने सांभाळणे अशक्य होते, आणि बदली झालेल्या माणसाचे नाव किती ठिकाणी आहे हे शोधणे त्याहून अशक्य. यावरचा उपाय डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२मध्ये भूमिकाधिष्ठित नियंत्रण या नावाने मांडला, आणि रवी संधू यांनी सहकाऱ्यांसह १९९६मध्ये त्याची प्रतिमाने बांधली. या पद्धतीत अधिकार माणसाला न देता भूमिकेला देतात आणि माणसाला भूमिकेत बसवितात. सरकारी कचेरीत ज्याला ‘चार्ज देणे-घेणे’ म्हणतात त्याचेच हे यांत्रिक रूप : तलाठी बदलून गेला तरी दप्तर सज्जाकडेच राहते आणि सही करण्याचा अधिकार नव्या माणसाकडे खुर्चीबरोबर येतो. फरक एवढाच की कचेरीत चार्ज दिल्याचा कागद झाल्याशिवाय जुन्याची सुटका होत नाही, तर संगणकावर नवी भूमिका देणे कोणी विसरत नाही आणि जुनी काढून घेणे पुष्कळदा राहून जाते. अशा साठत गेलेल्या अधिकारांमुळे अनेक विभाग फिरून आलेल्या जुन्या कर्मचाऱ्याच्या हाती कधी कधी संचालकापेक्षा अधिक फाईली असतात.

या सर्व विचारधारेला उलट टोकाचे उत्तर दिले ते वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी चालू केलेल्या पहिल्या विकीने. तेथे कोणीही कोणतेही पान बदलू शकत असे. आधी परवानगी, मग कृती हा क्रम तेथे मोडला गेला आणि त्याजागी आधी कृती, आवडली नाही तर पूर्ववत करणे हा क्रम आला. संरक्षणाचे काम यादीकडून इतिहासाकडे, म्हणजे प्रत्येक पानाच्या जुन्या आवृत्त्यांच्या नोंदीकडे गेले. २००१मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाने हा विचार जगभर नेला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३पासून त्याच रीतीने चालत आला आहे. तरीही अधिकारांची पायरी तेथे अजिबातच नाही असे नव्हे : पाने वगळणे, सुरक्षित करणे आणि उपद्रवी सदस्यांना रोखणे हे अधिकार ज्यांना असतात त्यांना मराठीत ‘प्रचालक’ हे नाव रूढ झाले, आणि इंग्रजी आवृत्तीत २००५च्या अखेरीस अनोळखी व अगदी नव्या सदस्यांपुरते पान बंद ठेवणारी अर्धसुरक्षेची सोय आणावी लागली. विकीचा धडा कार्यालयांनी अर्धाच घेतला; आवृत्त्यांचा इतिहास त्यांनी उचलला, खुले दार उचलले नाही.

२००१मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेल्या शेअरपॉइंटमध्ये हे सारे प्रवाह एकत्र येतात. संस्थेच्या अंतर्गत संकेतस्थळाला मालक, सदस्य आणि पाहुणे असे तीन गट असतात, आणि संकेतस्थळावरची परवानगी त्यातील ग्रंथालयाला, म्हणजे दस्तऐवजांच्या संग्रहाला, ग्रंथालयाची फोल्डरला, फोल्डरची फाईलला वारशाने मिळते. जोवर वारसा अखंड असतो तोवर व्यवस्था समजायला सोपी राहते. पण २००७च्या आवृत्तीत एकेका फाईलचा वारसा तोडून तिला स्वतंत्र यादी देण्याची सोय झाली, आणि नंतर मेघसेवेच्या काळात, म्हणजे फाईली कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांऐवजी सेवादात्याच्या दूरस्थ केंद्रांत ठेवण्याच्या काळात, एखादी फाईल एका सहकाऱ्याशी शेअर केली की हा वारसा पडद्याआड आपोआप तुटू लागला. शेअर करणाऱ्याच्या दृष्टीने त्याने एक फाईल पाठविलेली असते. दप्तराच्या दृष्टीने एक नवा स्वतंत्र फेरफार झालेला असतो, ज्याकडे पुढे कोणी पाहत नाही. एका ग्रंथालयात असे ५०,००० स्वतंत्र अपवाद चालतील अशी मर्यादा मायक्रोसॉफ्टनेच ठरविली आहे आणि ५,०००च्या आत राहण्याची शिफारस केली आहे. या आकड्यांवरून अपवाद किती सहज साठतात याची कल्पना यावी.

मालकीच्या प्रश्नाला खरे वळण दिले ते एकाच दस्तऐवजात अनेकांनी एकाच वेळी लिहिण्याच्या सोयीने. गूगलने मार्च २००६मध्ये रायटली हे उत्पादन विकत घेतले, त्याच वर्षी दस्तऐवज व तक्ते एकत्र उपलब्ध करून दिले आणि एप्रिल २०१२मध्ये ड्राइव्ह आणले. पाहणारा, टिप्पणी करणारा, संपादन करणारा या पायऱ्या नोट्सच्या मानाने थोड्या आहेत, आणि त्यामुळेच त्या कोणालाही न शिकविता वापरता येतात. परंतु मूळ मांडणी अशी की, मालकाने वेगळे सांगितले नाही तर संपादन करणाऱ्यालाही पुढे इतरांना बोलावता येते. मल्टिक्समध्ये जो अधिकार वरच्या डिरेक्टरीच्या धन्याकडे आणि नोट्समध्ये व्यवस्थापकाकडे होता, तो येथे मजकुरातील एक स्वल्पविराम दुरुस्त करण्यासाठी बोलावलेल्या माणसाच्याही हाती न मागता येतो. हॅरिसन, रुझो आणि उलमन यांनी ज्या मोकळ्या नियमांची चिंता केली होती, ते नियम आता कोट्यवधी लोकांच्या रोजच्या सवयीचा भाग झाले.

त्याहून पुढची पायरी म्हणजे ‘लिंक असलेला कोणीही’ ही निवड. तांत्रिक दृष्टीने पाहिले तर लांबलचक यादृच्छिक अक्षरांची ही लिंक लॅम्पसनच्या कोष्टकातील ओळ आहे, बेअरर चेक आहे. म्हणजे प्रवेशाधिकार-याद्यांनी चाळीस वर्षे गाजविलेल्या क्षेत्रात क्षमतापत्राने बाजूच्या दाराने पुनरागमन केले. संशोधकांनी क्षमतापत्रे सुचविली तेव्हा ती कोणाकडून कोणाकडे जातील यावर यंत्रणेचे लक्ष असावे अशी अपेक्षा होती. लिंक मात्र ईमेलमध्ये चिकटते, व्हॉट्सॲपच्या गटात पडते आणि पुढे कोठे जाते याची नोंद कोठेच राहत नाही. मराठी कायदेशीर परिभाषेतला ‘वहिवाट’ हा शब्द येथे अगदी चपखल बसतो, कारण कोणी हक्क दिला नव्हता, येणेजाणे सुरू झाले आणि दाराला कुलूप लावायला गेले की तक्रारी येतात. १३ सप्टेंबर २०२१पासून गूगलने ड्राइव्हमधील काही फाईलींच्या लिंकांना एक अधिकची किल्ली जोडली, तेव्हा ज्यांनी फाईल आधी उघडली होती त्यांचा प्रवेश चालू ठेवण्यात आला आणि इतरांना जुनी लिंक अपुरी पडू लागली; वहिवाटदारांचे हक्क राखून कुंपण घालण्याचाच हा प्रकार होता. कर्मचारी सोडून गेल्यावर त्याच्या नावावरच्या फाईलींचे काय, हा वारसनोंदीचा प्रश्नही याच काळात तीव्र झाला, आणि २०१७मध्ये आलेल्या ‘टीम ड्राइव्ह’मध्ये फाईलची मालकी व्यक्तीकडून काढून गटाकडे देण्यात आली.

एवढ्या परवानग्या तपासण्याचे काम पडद्यामागे कसे चालते, याचे दर्शन गूगलने २०१९मध्ये झांझिबार या यंत्रणेवर प्रसिद्ध केलेल्या निबंधातून घडते. ड्राइव्ह, कॅलेंडर, फोटो, यूट्यूब अशा सेवांसाठी ही एकच यंत्रणा कित्येक लाख कोटी प्रवेश-नोंदी सांभाळते, सेकंदाला लाखो विचारणांना उत्तर देते, आणि १००पैकी ९५ उत्तरे १० मिलिसेकंदांच्या आत मिळतात. प्रत्येक नोंद वस्तू, नाते आणि व्यक्ती अशा तीन शब्दांची असते. व्यक्तीच्या जागी ‘अमुक गटाचे सदस्य’ असेही लिहिता येते, आणि त्यामुळे गटात गट असले तरी हिशेब लागतो. या निबंधातील सर्वांत मननीय भाग परवानगी काढून घेण्यासंबंधी आहे. समजा, एका सहकाऱ्याला फोल्डरमधून वगळले आणि त्यानंतर दुसऱ्याला सांगितले की नवे कागद आता त्या फोल्डरमध्ये ठेव. जगभर विखुरलेल्या केंद्रांपैकी एखाद्या केंद्राला वगळल्याची वार्ता उशिरा पोहोचली आणि नवे कागद आधी पोहोचले, तर वगळलेल्या माणसाला नेमके तेच कागद दिसतील जे त्याला दिसू नयेत म्हणून त्याला वगळले होते. निबंधकारांनी याला ‘नव्या शत्रूची समस्या’ असे नाव दिले आहे. तिच्या निवारणासाठी मजकूर बदलताना त्या क्षणाची एक खूण मजकुराबरोबर साठविली जाते, आणि पुढे परवानगी तपासताना त्या खुणेपेक्षा जुनी यादी वापरण्यास मनाई असते. दोन व्यवस्थापकांच्या तात्पुरत्या प्रतींची अदलाबदल ज्या काळात झाली, त्या काळापासून क्रमाचा हा प्रश्न मिटलेला नव्हता. फक्त तो एका खोलीतून पृथ्वीभर पसरला होता.

अलीकडे या जुन्या दप्तराला अनपेक्षित वाचक मिळाला आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये मोठ्या संस्थांना उपलब्ध झालेला मायक्रोसॉफ्टचा कोपायलट हा सहायक विचारणाऱ्या व्यक्तीला जे जे पाहण्याची परवानगी आहे ते सर्व धुंडाळून उत्तर रचतो. नियमाचा भंग त्यात कोठेच होत नाही. पण वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या, चुकून सर्वांना मोकळ्या राहिलेल्या पगारपत्रकापर्यंत पूर्वी पोहोचायला त्याचा पत्ता ठाऊक असावा लागे, आणि आता केवळ प्रश्न विचारणे पुरते. विस्मरणामुळे झाकलेले जुने अधिकार अशा रीतीने उघडे पडू लागले, तेव्हा यादी साफ होईपर्यंतची सोय म्हणून २०२४मध्ये शेअरपॉइंटच्या शोधावर मर्यादा घालणारी एक तरतूद आली. तीत संस्थेचा मुख्य व्यवस्थापक जास्तीत जास्त १०० संकेतस्थळांची यादी स्वतः लिहितो, आणि संस्थाभरच्या शोधाला व सहायकाला, व्यक्तीच्या स्वतःच्या व नेहमीच्या वापरातील फाईली सोडल्या तर, तेवढीच संकेतस्थळे मोकळी राहतात.